व्हिला चौदाचं गेट

रफिक होडेकरला व्यसन कसलंच नव्हतं. सिगरेट नाही, चहासुद्धा मोजका. होती ती एकच खोड, गाण्याची. रत्नागिरीच्या राजिवड्यात कुणाचं लग्न असलं की बैठकीत त्याला पुढं बसवायचे, आणि त्याची आई मैमुनाबी आतल्या खोलीतून बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "गातो तो माझा रफिक." असला गळा घेऊन हा माणूस आखातात, अबुधाबीकडच्या अल ऐनला आला आणि एका अमेरिकन डॉक्टरच्या घरी ड्रायव्हर झाला. गळ्याचा तिथं काही उपयोग नव्हता. पण खोड ती खोड, ती विमानात बसून बरोबर आलीच.

घराचा नंबर चौदा. डॉक्टरसाहेब रात्रपाळी करून पहाटे झोपायचे, म्हणून मॅडमचा हुकूम होता की सकाळी हॉर्न वाजता कामा नये. आणि नेमकं सकाळीच डॉक्टरांच्या मुलीला, टेसाला, शाळेत सोडायचं असे. गाडी आत, गेट बंद, आणि गेट उघडणारा माणूस, म्हणजे माळी गणू, मागच्या बाजूला खजुरांना पाणी देत बसलेला. गणू लांज्याकडचा. त्याचा मोबाइल कायम खोलीत चार्जिंगला लावलेला असायचा, कारण मोबाइल चिखलात पडेल ही त्याला धास्ती. मग त्याला बोलवायचं कसं?

रफिकनं तोड काढली. मोहल्ल्यातल्या लग्नाची एक चाल घेतली आणि तिच्यावर आपले शब्द बसवले. गाडीची काच खाली करून तो हळू, पण लांब जाईल अशा आवाजात गायचा:

"गणू रे गणू, गेट खोल.
साहेब निजले, हॉर्न ना वाजे,
गणू रे गणू, गेट खोल."

पहिली ओळ झाली की तो थांबायचा. मागून गणू पालथ्या बादलीवर थाप मारायचा, ढब ढब, ढबाक. म्हणजे ऐकलं, येतो. मग रफिक पुढच्या ओळी गायचा आणि त्या संपेपर्यंत गणू पायातला चिखल झटकत गेटाशी हजर. टेसा मागच्या सीटवर बसून हे सगळं ऐकायची, कधी मोबाइलमध्ये रेकॉर्ड करायची. गाडी रस्त्याला लागली की रफिक तिला गायला लावायचा. सूर चुकला की स्टिअरिंगवर बोट आपटून "नो, नो, अगेन" म्हणायचा. पोरीचा गळा बरा होता, कानही तयार होता. रफिकला वाटायचं, आपल्याला एक शागीर्द मिळाली. गणूला तसं काहीच वाटायचं नाही, तो गेट लावून परत खजुरांकडे जायचा.

एक गोष्ट मात्र रफिकला तेव्हापासूनच टोचत होती. टेसा गणूला नुसतं "गणू" म्हणायची आणि त्याला "रफिकभाई". मान दिला हे खरं, पण मान देऊन जरा लांब बसवल्यासारखं त्याला वाटे.

पुढं डॉक्टरांचं काँट्रॅक्ट संपलं, ते कुटुंब अमेरिकेला परत गेलं. रफिकला एका शाळेत बसच्या खात्यात सुपरवायझरची नोकरी लागली. त्यानं बायको मुनिबा आणि मुलगी फिझा यांना अल ऐनला आणलं. गणू रुवैसला गेला, रिफायनरीच्या कामगारांच्या कँपमध्ये झाडं सांभाळायला. सुरुवातीला ईदला तो येऊन बिर्याणी खाऊन जायचा, गणपतीला रफिक फोन करायचा. सगळं सुरळीत होतं.

मग टेसाचा अल्बम आला.

टेसानं तिकडं चार पोरांचा बँड काढला होता, बॅकयार्ड टँकर नावाचा. अमेरिकेत ज्याला ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात तसलं गाणं. पहिलाच अल्बम, नाव 'व्हिला फोर्टीन', आणि तो पोरांनी असा काही उचलला की अल ऐनच्या शाळेतल्या बसमध्येसुद्धा वाजायला लागला. रफिकला हे फिझानं सांगितलं. त्या दिवशी तो घरभर फिरत होता. राजिवड्याला फोन लावून मैमुनाबीला म्हणाला, "अम्मी, मी शिकवलेली पोरगी अमेरिकेत फेमस झाली." मैमुनाबीनं तासाभरात सगळ्या मोहल्ल्याला कळवलं.

संध्याकाळी फिझानं मोबाइलवर अल्बमचं कव्हर दाखवलं.

कव्हरवर गणू होता.

चौदा नंबरच्या गेटाशी, पालथ्या बादलीवर बसलेला, गळ्यात पाण्याचा पाइप, डोक्याला टॉवेल, तोंडावर ते त्याचं अर्धवट हसू. शेजारी कुणी नाही. वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत बँडचं नाव. बाकी सगळा गणूच गणू.

रफिकनं स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हा फोटो मी काढलाय. टेसाच्या मोबाइलवर. तिनंच सांगितलं, रफिकभाई, एक फोटो काढ."

"वॉव, अब्बा. रिअली?"

"आणि ही बघ, खाली. गणूच्या पायाजवळ काळं दिसतंय ना? ती माझी सावली."

फिझानं फोटो मोठा करून पाहिला. सावली होती, पण ती कुणाचीही असू शकली असती, झाडाचीसुद्धा. रफिकनं पुढचे कित्येक दिवस ती सावली भेटेल त्याला दाखवली. शाळेतल्या मल्याळी क्लार्कला दाखवली, दोन ड्रायव्हरांना दाखवली. सगळे सावली बघून मान हलवायचे आणि मग विचारायचे, "पण हा बादलीवर बसलाय तो कोण?"

इथून रफिकच्या पोटात दुखायला लागलं, ते थांबेना. आपण माणसाला दोष देतो, पण जरा विचार करा. गाणं यानं शिकवलं, सूर यानं लावून घेतला, रोज सकाळी स्टिअरिंगवर बोटं यानं झिजवली, आणि कव्हरवर कोण? तर ज्याला सा आणि रे यांतला फरक माहीत नाही तो. रफिकला हे गिळवेना. सनय्यात, म्हणजे अल ऐनच्या कारखान्यांच्या भागात, राजाभाऊंचं किराणा दुकान आहे, तिथं मराठी माणसं शुक्रवारी जमतात. राजाभाऊंनी कुठूनसं ते कव्हर पोस्टरएवढं छापून आणलं आणि तांदळाच्या पोत्यांच्या वर लावलं. रफिक आला की ते मुद्दाम म्हणायचे, "काय रफिकभाई, आमच्या हिरोला सलाम नाही केलात?"

"हिरो कसला, माळी आहे तो."

"अहो, माळीच. पण अमेरिकेत पोचला. तुम्ही काय, इथंच."

त्यानंतर रफिकनं किराणा दुसऱ्या दुकानातून आणायला सुरुवात केली. तिथं तांदूळ वाईट मिळतो, हे मुनिबानं दोनदा सांगून पाहिलं.

फिझानं तर कहर केला. शाळेतल्या मैत्रिणींनी मिळून बँडचे टी-शर्ट मागवले आणि एक दिवस ती छातीवर गणूला घेऊन जेवायला बसली.

"कितीला घेतलास?"

"वन फिफ्टी, अब्बा."

"दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये. गणूचं तोंड बघायला. तो इथं फुकट जेवून जायचा ना, तेव्हा बघायचं होतंस."

"यू आर सो जेलस," फिझा हसत म्हणाली.

"जेलस कसला? मी? त्या गणूवर?" रफिकनं माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "तुझा बाप राजिवड्यात पुढं बसून गायलाय."

"देन लिसन टू द अल्बम ना. अॅट लीस्ट द लास्ट साँग. इट्स सो यू."

खरं सांगायचं तर रफिकनं अल्बम ऐकलाच नव्हता. पहिलं गाणं एकदा लावलं होतं. गिटारचा तो गदारोळ आणि त्यात टेसाचं ओरडणं ऐकून त्याला स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटलं. त्यानं बंद केलं. पुढची गाणी ऐकायची तर दर वेळी कव्हरवरचा गणू समोर यायचा, आणि तो आला की रफिकचं बोट आपोआप बाजूला सरकायचं. शेवटच्या गाण्यापर्यंत जायला त्याला गणूला नऊ वेळा बघावं लागलं असतं. तेवढी ताकद त्याच्यात नव्हती.

गणूचे फोनही हळूहळू बंद झाले. गणपतीला रफिकनं मुद्दाम केला नाही, ईदला गणूनंही केला नाही. रफिक मुनिबाला म्हणाला, "बघितलंस? डोक्यात हवा गेली."

मुनिबा म्हणाली, "तुम्ही केला होता का फोन?"

"फेमस माणसानं करायचा असतो," रफिक म्हणाला.

आणि मग टेसाचा मेसेज आला. कुठून नंबर शोधला कोण जाणे. बँड अबुधाबीला येणार होता, मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. तिनं लिहिलं होतं की रफिकभाई आणि गणू, दोघांनीही यायलाच हवं. गणूचा जुना नंबर लागत नाही, तुझ्याकडे नवा असेलच, त्याला घेऊन ये. पास तिनं दोन ठेवले होते.

रफिककडे नवा नंबर होता. गणू रुवैसमध्ये होता, हेही त्याला पक्कं माहीत होतं. मेसेज त्यानं पुन्हा वाचला, आणि त्याच्या डोळ्यांपुढं अख्खा कार्यक्रम उभा राहिला. गणू हॉलमध्ये शिरणार. सगळ्या पोरांच्या छातीवर गणू. पोरं ओरडणार, फोटो काढणार, खांद्यावर घेणार. आणि रफिक होडेकर? तो मागं उभा, गणूची पिशवी धरून. एखाद्या पोरानं विचारलंच तर काय सांगायचं, ती सावली माझी?

त्यानं टेसाला व्हॉइस मेसेज पाठवला. इंग्लिश-हिंदीची खिचडी, पण आवाज अगदी साफ. "टेसा, गणू गॉन टू इंडिया. फॉर गुड. गाव में कोई नेटवर्क नहीं. आय विल कम, इन्शाल्ला."

इन्शाल्ला म्हणताना जीभ जराशी अडखळली. पण मेसेज गेला होता.

फिझा म्हणाली, "गणूकाका वेंट बॅक? व्हेन?"

"गेल्या महिन्यात. काम खलास झालं त्याचं." मग विषय बदलायला तो म्हणाला, "त्याच्या पासवर तू चल."

कार्यक्रमाच्या दिवशी रफिकनं ठेवणीतला पांढरा शर्ट घातला आणि अत्तर लावलं. अल ऐनहून अबुधाबीपर्यंत गाडीत तो गुणगुणत होता. फिझा शेजारी, अंगात गणूचा टी-शर्ट. तो बदलायला त्यानं सांगून पाहिलं होतं, पोरीनं ऐकलं नाही.

हॉलच्या मागच्या खोलीत टेसा भेटली. उंच झाली होती, केस निळे केले होते. रफिकला पाहून तिनं मिठी मारली, आणि तिचे डोळे त्याच्या खांद्यावरून मागं, दाराकडे गेले.

"सो ही रिअली लेफ्ट?"

"गेला," रफिक म्हणाला. "फायनल. खलास."

तिचा चेहरा उतरला. तो उतरलेला पाहून रफिकला दया यायला हवी होती. त्याला आला तो रागच. मी समोर उभा आहे ना, मग?

"ओके," ती म्हणाली. "देन टुनाइट इट्स जस्ट यू, रफिकभाई."

हे वाक्य रफिकनं मनात घोळवत पहिल्या रांगेतली जागा गाठली. जस्ट यू. त्याला हेच तर ऐकायचं होतं. म्हणजे काय, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

कार्यक्रम सुरू झाला. गाणी त्याला अजूनही मांडणी कोसळल्यासारखीच वाटली, पण आता त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मागच्या पडद्यावर गणू दोन मजले उंच बसला होता, त्याच्याकडे न बघता रफिक टेसाचे सूर पारखत होता. एक-दोन जागी त्याचं बोट गुडघ्यावर आपटलं, नो, नो, अगेन.

शेवटचं गाणं आलं. दिवे गेले. गिटार नाही, ड्रम नाही. अंधारात आधी गाडीच्या इंजिनाची घरघर ऐकू आली, मग पक्षी, आणि मग, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, रफिकचा स्वतःचा आवाज.

"गणू रे गणू, गेट खोल."

आणि मागून, लांबून, ढब ढब, ढबाक.

हजारो पोरं एका दमात ओरडली. फिलिपिनो, अरब, मल्याळी, गोरी, सगळी. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, पण शब्द सगळ्यांना पाठ होते. "गणू रे गणू, गेट खोल." फिझाही ओरडत होती, आणि रडत होती, आणि बापाचा दंड हलवत म्हणत होती, "आय टोल्ड यू. आय टोल्ड यू टू लिसन."

हा आपला आवाज. तरुण, मोकळा, सकाळचा. वर्षभर तो मोबाइलमध्ये होता, पोरांच्या कानात होता, बसमध्ये वाजत होता. आपण मात्र कव्हरपाशीच अडून बसलो.

दिवे लागले. टेसानं माईकवर सांगितलं की हा आवाज ज्याचा आहे तो माणूस आज इथं आहे. गणू मात्र आपल्या गावी परत गेला आहे, कायमचा, आणि त्याला इथून सगळ्यांचा सलाम. मग तिनं रफिकला स्टेजवर बोलावलं. दोन माणसांनी त्याला हाताला धरून वर नेलं. स्टेजच्या मधोमध माईक होता, आणि माईकच्या शेजारी पालथी घातलेली एक लोखंडी बादली. तिच्यामागं कुणी नव्हतं.

जन्मभर जे मागितलं ते समोर होतं. राजिवड्यातली सगळी लग्नं एकत्र केली तरी एवढी माणसं जमली नसती. रफिकनं डोळे मिटले आणि गायला. आवाज जरा खरखरीत झाला होता, पण सूर जागच्या जागी लागला.

"गणू रे गणू, गेट खोल."

आणि तो थांबला. ठरवून नव्हे, सवयीनं. त्या जागी तो कायम थांबायचा.

बादली गप्प होती. हॉलमधल्या पोरांनी टाळ्यांनी थाप दिली, ढब ढब, ढबाक, अगदी बरोबर दिली. रफिकनं तोंड उघडलं, साहेब निजले म्हणायला. शब्द आले नाहीत. तो त्या बादलीकडे बघत उभा राहिला. टेसाला वाटलं म्हाताऱ्याला भरून आलं, तिनं पुढची ओळ सावरून घेतली. टाळ्या पडल्या, खूप पडल्या. रफिकनं त्या ऐकल्या आणि खाली आला.

परतीच्या वाटेवर फिझा कार्यक्रमाचे आपले व्हिडिओ नेटवर टाकत होती. दुसऱ्या दिवशी शाळेला जायच्या आधी ती मोबाइल घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. व्हिडिओखाली रुवैसच्या कँपमधल्या कुणीतरी लिहिलं होतं की गणू गावाला कुठं गेलाय, तो तर आमच्या ब्लॉकमध्ये आहे, आत्ताच आम्ही त्याला हा व्हिडिओ दाखवला.

"अब्बा," ती म्हणाली, "ही इज इन रुवैस."

रफिकनं मान खाली घातली. त्या दिवशी फिझानं टी-शर्ट धुऊन, घडी करून त्याच्या गाडीच्या सीटवर ठेवून दिला.

शुक्रवारी नमाज आटोपून रफिक रुवैसला निघाला. लांबचा रस्ता, एका बाजूला वाळू, पुढं रिफायनरीच्या चिमण्या. वाटेत त्यानं बोलायची वाक्यं जुळवली. टेसाचा मेसेज नीट समजला नाही, असं सांगू. नंबर सापडला नाही, असं सांगू. कँपचं गेट दिसेपर्यंत एकही वाक्य टिकलं नाही.

गेटावरच्या नेपाळी गार्डनं पास मागितला. पास नव्हता. फोन लावला, गणूनं उचलला नाही. बहुधा खोलीत चार्जिंगला होता. मग रफिकनं गाडीतून उतरून जाळीला हात लावला. आत बोगनवेलीच्या रांगा होत्या, आणि त्यांच्या शेवटी डोक्याला टॉवेल बांधलेला एक माणूस पाइप घेऊन वाकलेला.

रफिकनं गळा साफ केला.

"गणू रे गणू, गेट खोल."

गार्ड चकित होऊन बघायला लागला. रफिक थांबला. गणूशेजारी बादली होती, हाताच्या अंतरावर. गणूनं तिला हात लावला नाही. त्यानं नळ बंद केला, पाइप गुंडाळून ठेवला, आणि सावकाश चालत जाळीपाशी आला. केस पिकले होते. ते अर्धवट हसू नव्हतं.

"कोण पायजे?" तो म्हणाला.

"गणू, मी."

"गणू गावाला गेलाय. फॉर गुड. साऱ्या हॉलला सांगितलंत ना? मग गेट कोण उघडणार?"

रफिक जाळीला धरून उभा राहिला. "चुकलं, गणू. मला तो फोटो बघवत नव्हता. जिथं तिथं तूच. मी गायलो आणि फोटोत तू. जळत होतो तुझ्यावर."

गणूनं हाताचा चिखल पँटला पुसला. मग म्हणाला, "फोटोतला माणूस मुका असतो, भाई. कँपातली पोरं दिवसभर तुझी ओळ गातात. माझ्या तोंडाकडे बघून गातात, पण गातात ती तुझी. मला वाटायचं, आपण नुसती बादली बडवली, आवाज ह्याचा ऱ्हायला. तुला फोन करायला हात उचलायचा नाय. मी पण जळत होतो तुझ्यावर, पहिल्या दिवसापासून."

त्यानं टॉवेल सोडून तोंड पुसलं.

"पण मी तुला गावाला नाय पाठवला."

गाडीत घडी करून ठेवलेला टी-शर्ट रफिकला आठवला, पण आणायला जावं असं वाटेना, पाठ फिरवली तर हा निघून जाईल अशी भीती वाटली. गार्डनं गणूकडे पाहिलं आणि किल्ली दाखवून विचारलं, उघडू का? गणूनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो जाळीच्या आत उभा राहिला, रफिक बाहेर, आणि मधलं गेट बंदच होतं.